रंगाऱ्याचं पुनरुत्थान

पाळकसाहेबांनी उपदेशात पवित्र शास्त्रातल्या लाजराला कबरेतून बाहेर काढण्याचा हा सलग सातवा रविवार होता. मेल्यावर त्या माणसाला निदान चार दिवस तरी निवांत पडू दिलं होतं. इथे दर आठवड्याला उठबस. तिसऱ्या बाकावर बसलेल्या सिस्टरने छताकडे पाहिलं, पंख्याच्या पात्यांवरची धूळ पाहिली, आणि उपदेशापेक्षा धूळ बरी असं ठरवून ती तिच्याकडेच पाहत राहिली.

इस्पितळात तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. एक तर खिशात कायम कात्री असायची, आणि दुसरं कारण तिची जीभ. तोंडावर मात्र सगळे ‘सिस्टर’च म्हणत, तेवढी अक्कल लोकांना होती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ती भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. भाऊ मंडळीच्या पंचांपैकी एक, वहिनी बायकांच्या प्रार्थनासभेची पुढारीण. अशा घरात राहून कात्रीने रविवारची उपासना चुकवणं शक्यच नव्हतं. ती यायची, बसायची, आणि कुणाचं काय चुकलं ते मनात टिपत जायची.

पाळकसाहेब आधी कुजबुजत, मग एकदम गर्जत. लाजराला हाक मारायची वेळ आली की माइक कर्कश शिट्टी घाली आणि पुढच्या रांगेतल्या डुलक्या घेणाऱ्या दोन म्हाताऱ्या दचकून ताठ बसत. ‘झालं, तेवढंच पुनरुत्थान,’ कात्री मनात म्हणाली.

पण उपदेशाचा खरा गाभा व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, हातांच्या खुर्चीत बसवलेला होता. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, गुडघ्यांवर हात. हा रंगारी. भिंती, दरवाजे, टाक्या रंगवणारा साधा माणूस, वय चाळिशीचं. चार महिन्यांपूर्वी तो मेला आणि उठला, असं सगळी मंडळी म्हणत होती. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे बोट केलं की दोनशे माना एकदम वळत, आणि रंगारी आपल्या नखांकडे बघायला लागे. नखांतला रंग निघून गेला होता. चार महिन्यांत त्याला कुणी ब्रश धरू दिला नव्हता.

त्या दिवशी काय झालं होतं ते पुरतं ठाऊक असलेली एकच व्यक्ती त्या देवळात होती, आणि ती पंख्यावरची धूळ बघत होती.

रंगाऱ्याला इस्पितळात आणलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. लोखंडी टाकीच्या आत उतरून गंज लागू नये म्हणून रंग लावत होता. टाकीला झाकणाएवढंच तोंड, आत वाफ कोंडलेली. बाहेर काढला तेव्हा अंग थंडगार आणि ओठ निळे. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर तीस तास झोपला नव्हता. त्याने छातीला नळी लावली, डोळ्यांत बत्ती मारली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली. मग तो पुढच्या खाटेकडे गेला.

कात्रीची एकतीस वर्षांची एक सवय होती. डॉक्टरने लिहिलं तरी आपण स्वतः एकदा मानेवर बोट ठेवायचं, पुरतं एक मिनिट. डॉक्टर येतात, जातात. बोट आपलं असतं. त्या दिवशी तिने बोट ठेवलं नाही. त्याच्या कपड्यांतून उग्र दर्प येत होता, आणि तिच्या मनाने लगेच निकाल दिला: पिऊन पडलाय. थिनरचा वास वेगळा आणि दारूचा वेगळा, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने नाक पुरतं वापरलंच नाही. दारूच्या वासाबरोबर तिने अकरा वर्षं संसार केला होता. त्या जातीच्या माणसांसाठी एक मिनिटही द्यायचं नाही, हे तिच्या अंगातच मुरलं होतं.

तिने पट्टी घेऊन जबडा बांधला. पायाचे अंगठे एकत्र बांधले. चादर डोक्यावरून ओढली आणि खाट बाहेरच्या बोळात ढकलून दिली.

बोळात रंगाऱ्याची बायको हंबरडा फोडत होती. ती मंडळीतली, म्हणून पाळकसाहेब धावत आले. आले ते खाटेच्या उशाशी उभे राहून दोन्ही हात वर करून प्रार्थना करायला लागले, आणि त्यांचा आवाज कसला? शेजारच्या वॉर्डातले ऑपरेशन झालेले पेशंट जागे झाले. कात्री तरातरा बाहेर आली, ती त्यांना गप्प करायला. “इथे आजारी माणसं आहेत, साहेब, देवाला हळू बोललेलंही ऐकू येतं,” असं काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, आणि सवयीने चादरीची सुरकुती नीट करायला हात घातला.

चादरीवर, नाकाच्या जागी, रुपयाएवढा ओला डाग होता.

ती बघत राहिली तोवर डाग किंचित मोठा झाला.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. डोकं मागून आलं. पट्टी कापली, अंगठे सोडवले, ऑक्सिजन म्हणून अशी ओरडली की तरुण डॉक्टर बूट न घालता धावत आला. तासाभरात रंगाऱ्याच्या ओठांवर रंग आला. तिसऱ्या दिवशी तो खाटेवर बसून पाणी मागत होता. पण बोळातल्या तीसपस्तीस लोकांनी काय पाहिलं होतं? पाळकाने हात वर केले आणि मढं हललं. पाळकसाहेब गुडघ्यांवर कोसळून रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. त्या क्षणी त्यांच्याएवढं चकित कुणीच नव्हतं. खोटं नंतर हळूहळू सुरू झालं, रविवारी रविवारी.

इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी कात्रीला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. जन्मात कधी देवाचं नाव न घेतलेला तो माणूस म्हणाला, “सिस्टर, लोक म्हणतात देवाने केलं. आपण कोण नाही म्हणणारे?” वेळ लिहिलेला कागद फाडला गेला, दुसरा तयार झाला, आणि कात्रीने त्यावर सही केली. चमत्कार सगळ्यांच्याच सोयीचा होता: पाळकाच्या, तरुण डॉक्टरच्या, इस्पितळाच्या, आणि जिने बोट ठेवलं नव्हतं तिच्याही.

तेव्हापासून ती सगळ्यांना तुच्छ लेखत होती. आधीही लेखत होती, पण आता जरा जास्त मन लावून.

त्या सातव्या रविवारी दुपारी पाळकसाहेब घरी आले. वहिनीने बाहेरच्या खोलीत खुर्ची पुसली, चहा ठेवला, आणि कात्रीला आतून हाक मारली, जणू स्थळ आलंय.

“सिस्टर,” पाळकसाहेब म्हणाले, “पुढच्या रविवारी मैदानावर मोठी सभा आहे. बाहेरगावची मंडळी येणार. आपल्या रंगारी भावाची साक्ष होईलच. पण मला वाटतं, तुमचीही व्हावी.”

“माझी कसली?”

“तुम्ही स्वतःच्या हातांनी त्याला बांधलंत. एकतीस वर्षांचा तुमचा अनुभव. तुम्ही नुसतं एवढंच म्हणा, की तो मेला होता.”

“डॉक्टरला का नाही विचारत?”

“ते आपल्यातले नाहीत. आणि जरा घाबरट आहेत.” पाळकसाहेबांनी चहा फुंकला. “तुम्ही आमच्या लाजराच्या बहिणीसारख्या, मार्थेसारख्या. सेवा करणाऱ्या.”

“मार्था कबरेपाशी काय म्हणाली होती, आठवतंय ना? आता वास येत असेल, म्हणाली.” कात्रीने कपबशी त्यांच्यापुढून थोडी बाजूला सरकवली. “मलाही येतोय. चार महिने झाले.”

वहिनीचा चेहरा पडला. “वन्सं, अहो, काय बोलताय!”

पाळकसाहेब मात्र हसले. त्यांना अपमान लागत नसे; तो त्यांच्या अंगावरून ओघळून जाई. “विचार करा,” ते म्हणाले. “जगात शंका फार वाढलीय, सिस्टर. लोकांना डोळ्यांनी बघायचं असतं. आपल्याला दाखवता येतंय, तर का दाखवू नये?”

ते गेल्यावर वहिनी दोन दिवस तिच्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होती.

बुधवारी दुपारी रंगारी इस्पितळात आला. ड्रेसिंगच्या खोलीत कात्री एकटी पट्ट्यांची भेंडोळी करत होती. तो दारातच उभा राहिला.

“काय रे, काय लागलंय?”

“काही नाही, सिस्टर. एक विचारायचं होतं.” तो आत आला आणि त्याने दार ओढून घेतलं. “मी मेलो होतो का?”

कात्रीचे हात थांबले नाहीत. “तुझ्या पाळकाला विचार.”

“त्यांना विचारलं. ते म्हणतात, शंका घेऊ नको. बायकोला विचारलं. ती म्हणते, असं विचारणं पाप आहे. मला काही आठवत नाही, सिस्टर. टाकीत डोकं गरगरलं, आणि मग तुमचा चेहरा दिसला. मधलं काहीच नाही. त्यांनी मला उजेडाचं बोलायला सांगितलंय. मी बोलतो. उजेड पाहिला म्हणतो. पण मी काही पाहिलं नाही हो.”

“मग नको बोलूस.”

“तेवढ्यावर भागत नाही.” तो स्टुलावर बसला. “बाजाराच्या मागे शिंपीण राहते ना, कपडे शिवणारी, तिचा सात वर्षांचा मुलगा आजारी होता. पाळकसाहेब मला तिच्या घरी घेऊन गेले. म्हणाले, तू मरण चाखून आलायस, तुझा हात ठेव. मी ठेवला. दोन दिवस ठेवला, सिस्टर. जेवायलासुद्धा उठू दिलं नाही मला. तिसऱ्या दिवशी पोर गेलं.”

कात्रीने भेंडोळं खाली ठेवलं.

“ती रडली नाही. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. जसं काही मी त्याच्या वाटणीचा श्वास खाऊन बसलोय. आणि जिना उतरताना पाळकसाहेब तिच्या आईला म्हणाले, घरात कुणाच्या तरी मनात शंका असणार. ते तिला ऐकू गेलं. मलाही गेलं.”

खोलीत स्पिरिटचा वास होता, आणि बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं; एक चाक कुरकुरत होतं. कात्रीला वाटलं, आपण आता काहीतरी खमंग बोलावं, पाळकाला चार शिव्या हासडाव्यात, म्हणजे मोकळं वाटेल. जीभ तयार होती. पण तिने त्याने विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर दिलं.

“नाही. तुम्ही मेला नव्हता.”

तिने त्याला सगळं सांगितलं: कागद, घड्याळ, मानेवर न ठेवलेलं बोट, चादरीवरचा डाग. काही वगळलं नाही. शेवटी म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही पिऊन पडलाय. म्हणून नीट बघितलं नाही.”

“मी पीत नाही, सिस्टर,” तो म्हणाला. “कधीच नाही.”

तक्रार नव्हती त्यात. एखाद्याने आपलं वय सांगावं तसं सांगितलं. कात्रीला लोक आजवर पुष्कळ बोलले होते, पण इतकं लागलं नव्हतं.

मग तो म्हणाला, “पण चादरीकडे तुमचं लक्ष गेलंच कसं?”

“पाळकाला झापायला आले होते.”

“हो, पण चादरीकडे?”

सुरकुती दिसली, हात गेला. त्याला काय म्हणायचं? योगायोग म्हणावं तर सोपं होतं. आणि सोप्या गोष्टी लोक म्हणतात म्हणून तर ती त्यांना हसत आली होती.

शनिवारी तिची सुट्टी होती. दुपारी ती मागच्या खोलीत शास्त्र उघडून बसली, ती काही भक्तिभावाने नाही. पाळकाच्या तोंडावर फेकायला मुद्दे हवे होते. मेलेली माणसं उठल्याच्या सगळ्या हकिकती तिने एकामागून एक काढल्या.

याईराच्या मुलीपाशी ती अडली. पोरगी गेलेली, घरात रडारड, आणि प्रभू येऊन म्हणतो की ती झोपलीय. यावर जमलेले लोक त्याला हसले. कात्रीने हे शंभरदा ऐकलं होतं, पण ते हसणारे कोण याचा विचार कधी केला नव्हता. ते काही दुष्ट नव्हते. मरण बघून बघून सराईत झालेले लोक होते. त्यांना कळत होतं मेलेलं माणूस कसं दिसतं. त्यांनी पाहिलं, निकाल दिला, आणि वर हसले. ‘आपण त्यात पहिल्या रांगेत असतो,’ तिला वाटलं. त्या सगळ्यांना त्याने घराबाहेर घालवलं होतं.

मग आत कोण राहिलं? आईबाप आणि तीन सोबती. मुलगी उठल्यावर त्याने काय सांगितलं? कुणाला कळू देऊ नका, आणि हिला काहीतरी खायला द्या. बस. मैदान नाही, माइक नाही, हातांची खुर्ची नाही.

लाजराचं तर तिने दोनदा वाचलं. चार दिवस मेलेला माणूस परत आला, आणि त्याच्या तोंडी अख्ख्या हकिकतीत एक शब्द नाही. उजेड पाहिला म्हणून कुणी त्याला बोलायला लावलं नाही. बघायला गर्दी मात्र लोटली, आणि धर्माचे पुढारी त्यालाही मारायचा बेत करायला लागले. हे पाळकसाहेबांनी सात रविवारांत एकदाही सांगितलं नव्हतं. आणि प्रभू स्वतः उठला तेव्हा? ज्यांनी त्याला मारलं त्यांच्या दारात जाऊन तो उभा राहिला नाही. नाकं कापायची याहून चांगली संधी कुणाला मिळणार! कात्री गेली असती. नक्की गेली असती. तो मात्र बागेत एका रडणाऱ्या बाईला भेटला, आणि तिच्यासारख्या बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा शिष्यांना ती बडबड वाटली. त्या शिष्यांचीही कात्रीने गय केली नाही. ‘पुरुष सगळे सारखेच,’ ती पुटपुटली.

पुस्तक मिटलं तेव्हा मुद्दे भरपूर जमले होते. पण पाळकावर काढायचा राग अर्धा तिच्याच अंगावर उलटला होता. आणि एक गोष्ट तिला फार खुपली: आपण हे सगळं खरं धरून वाचतोय. एकतीस वर्षं मढी बांधून, या सगळ्या वेंधळ्या मंडळीत बसून, आपला विश्वास अजून शाबूत आहे. तिला तो कुणाला सांगायचीही लाज वाटली असती.

रविवारी चार वाजता मैदान भरलं. कात्री व्यासपीठावर गेली. वहिनीने आदल्या दिवशी तिची साडी इस्त्री करून ठेवली होती. वन्सं साक्ष देणार म्हणून तिचा सगळा राग विरघळला होता. कात्रीने तिला काही सांगितलं नव्हतं. ते तिला नंतर फार दिवस डाचत राहिलं.

पाळकसाहेबांनी ओळख करून दिली: एकतीस वर्षं, सेवा, मार्था. माइक तिच्या हातात आला. शेजारी रंगारी बसला होता, बटणं गळ्यापर्यंत.

“हा माणूस मेला नव्हता,” कात्री म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही. दोघातिघांनी सवयीने ‘आमेन’ म्हटलं.

“मेला नव्हता. टाकीतल्या वाफेने बेशुद्ध पडला होता. डॉक्टर चुकले, आणि त्यांच्याहून जास्त मी चुकले. मी याला दारुडा समजले आणि जिवंत माणसाचा जबडा बांधला. मग बोळात आले, चादर ओली दिसली, आणि सोडवला. इस्पितळाने कागद बदलला, त्यावर माझी सही आहे. एवढीच साक्ष.”

मैदानावर गोंगाट उठला. पाळकसाहेब पुढे आले, चेहऱ्यावर तेच हसू, आणि माइककडे हात करून म्हणाले, “सिस्टर थकल्या आहेत. नम्र आहेत. त्यांना श्रेय नको—”

“मी थकले नाही, मी कंटाळले आहे,” कात्री म्हणाली. तिने माइक सोडला नाही. “प्रभू कबरेतून उठला यावर माझा विश्वास आहे. त्याला टेकू द्यायला या रंगाऱ्याची गरज नाही. आणि ज्यांच्या घरी माणूस मेलं, त्यांच्या घरात शंका होती असं सांगत फिरणाऱ्याची तर मुळीच नाही. याला जाऊ द्या आता. घरी जाऊन जेवू द्या.”

“अविश्वासी!” पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. मग तो शब्द मागेपर्यंत गेला. एकाने चप्पल उगारली, फेकायचं धैर्य मात्र झालं नाही; कात्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती पुन्हा पायात घातली. वहिनी पदर तोंडाला लावून निघून गेली. भाऊ जमिनीकडे बघत होता.

रंगारी उठला. कुणाची परवानगी न घेता पायऱ्या उतरला आणि गर्दीतून चालायला लागला. तासाभरापूर्वी लोक त्याच्या बाहीला हात लावायला धडपडत होते. आता अंग चोरून बाजूला होत होते. त्याने वरचं बटण काढलं, मग दुसरं. त्याची बायको धावत त्याच्यामागे गेली, रागाने काहीबाही बोलत, पण गेली.

कात्री खाली उतरली तेव्हा पायऱ्यांशी एक बाई उभी होती. बारीक अंगाची, बोटांना सुईची भोकं. कुणी सांगायची गरज नव्हती.

“सिस्टर,” शिंपीण म्हणाली, “मग माझ्या घरात शंका नव्हती?”

“असली तरी आजाराला तिचं काय? काय झालं होतं त्याला?”

“छातीत कफ. डॉक्टर म्हणाले होते, दाखल करा. पाळकसाहेब म्हणाले, थांबा.”

कात्रीने डोळे मिटले आणि उघडले. “शंकेने माणूस मरत नाही, बाई. तसं असतं तर मी कधीच गेले असते. तुमच्या मनात काही खोट नव्हती. देवाने तुमच्या मुलावर राग धरला नव्हता.”

शिंपीण तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. पोर गेल्यापासून पहिल्यांदा. कात्रीला रडणाऱ्या माणसांजवळ थांबायची सवय नव्हती. तिचं काम नेहमी त्यानंतर सुरू होई किंवा त्याआधी संपे. तरी ती शेजारी बसली, इस्त्रीच्या साडीनिशी, धुळीत.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी लागली. मोठ्या डॉक्टरांना कागद फाडल्याचं आठवेना. कात्रीची वॉर्डातून उचलबांगडी झाली. निवृत्तीला आठ महिने उरले होते, ते तिने तळघरातल्या भांडारात चादरी मोजण्यात घालवले. तरुण डॉक्टर आता सगळं तिच्यावर ढकलणार अशी तिची खात्री होती. त्याने कुणी विचारायच्या आत स्वतः लिहून दिलं की मी नीट तपासलं नव्हतं. तुच्छ लेखायला एक माणूस कमी झाला, याचं कात्रीला जरा वाईटच वाटलं.

पाळकसाहेबांचं काहीच बिघडलं नाही. त्यांच्यासारख्यांचं बिघडत नसतं. दोन महिन्यांत त्यांना कुबड्या टाकून चालणारा एक इसम सापडला, आणि तो हातांच्या खुर्चीत बसायला लागला. कात्री तरीही दर रविवारी तिसऱ्या बाकावर जाऊन बसायची. देऊळ काय त्यांच्या बापाचं आहे? बाक दोन्ही बाजूंनी रिकामा राही. ऐसपैस बसता येई. वहिनी बरेच महिने बोलली नाही, पण तिचं ताट वाढून झाकून ठेवायचं काही चुकवलं नाही. रंगारी कामाला लागला. बंद जागेत जायचं नाव काढत नसे. बाहेरच्या भिंती, कुंपणं, गजाची फाटकं रंगवत फिरे. बायकोने शेवटी त्याला विचारलं म्हणतात, की मग आपण देवाचे आभार मानायचे की नाही? तो म्हणाला, “मी रोज मानतो. तुला ऐकू येत नाही एवढंच.”

शिंपिणीने मुलाच्या कबरेवर दगड बसवला, तेव्हा ती कात्रीला बोलवायला घरी आली. दोघी सकाळी कब्रस्तानात गेल्या. लहानसा दगड होता, नाव आणि दोन तारखा. शिंपिणीने ओंजळभर पाणी ओतून तो पुसला.

“सिस्टर, तो उठेल?”

कात्रीला असल्या प्रश्नांचा तिटकारा होता. पाळक लोक यावर तासभर बोलू शकतात.

“उठेल,” ती म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत?”

“मला काय माहीत असणार? मी मेलेली माणसं बघितलीत, उठलेलं एकही नाही. एक वाटला होता, तर तो जिवंतच निघाला.” तिने दगडावरचं पाणी बोटाने निपटलं. “तरी म्हणतेय मी. उठेल.”

शिंपिणीने मान हलवली.

कात्रीची नजर शेजारच्या कबरेवर गेली. कुण्या बड्या घरचा संगमरवर होता, सोनेरी अक्षरांत ‘पुनरुत्थान’ कोरलेलं, आणि तेही चुकलेलं. ‘रु’ दीर्घ, ‘त्था’चा ‘था’.

“बघा,” ती म्हणाली, “यांना तो शब्द धड लिहिता येत नाही, आणि उठायला मात्र हे सगळ्यांत पुढे असणार.”

शिंपीण हसली, लगेच तोंडावर हात ठेवला, आणि मग हात काढून पुन्हा हसली. मुलाच्या कबरेभोवती गवत माजलं होतं. कात्रीने पदर खोचला, कुरकुरत खाली बसली, आणि दोघी ते उपटायला लागल्या.